कोण कापतंय?

आधीच सांगतो, यातलं काहीही मनचं नाही. ज्याला खोटं वाटतं त्यानं खराडीच्या जुन्या गावठाणात जावं आणि महिपती खाटकाचा गाळा कुठला ते विचारावं. गाळा अजून आहे. आता तिथं मोबाईलचं दुकान झालंय.

महिपती माझा सख्खा चुलता. मी त्याच्या धाकट्या भावाचा, संभाजीचा मुलगा, श्याम. शाळा माझी सातवीत सुटली, म्हणून जसं बोलतो तसंच सांगतोय. बरंचसं काकानं स्वतः सांगितलेलं आहे. थोडं त्याच्या पोरीनं, पूर्णिमानं.

तारीख पक्की आहे. रविवार, ११ मार्च २००१. आदल्या दिवशी धुळवड झालेली.

काका पहाटे साडेपाचला गाळ्यावर आला. शटर अर्धं वर केलं, आणि तिथंच थांबला.

काहीतरी कमी होतं…

काय ते कळायला जरा वेळ लागला.

माशी नव्हती.

एकसुद्धा नव्हती.

धुळवडीला खाटकाच्या दुकानापुढं काय रांग असते ते सांगायला नको. आदल्या दिवशी दुपारपर्यंत काकाचा हात थांबला नव्हता. कितीही धुतलं तरी दुसऱ्या दिवशी ओंडक्यावर माश्यांचं मोहोळ बसतं. त्या दिवशी ओंडका कोरडा आणि गप्प.

बाहेर रोज चार कुत्री वाट बघत असतात. तीही नव्हती. समोरच्या लिंबावर कावळा नव्हता.

काका म्हणाला, थंडी असेल. मार्चमध्ये कसली थंडी? पण माणूस स्वतःची समजूत घालतोच.

त्यानं मागच्या वाडग्यातून, मेंढरं कोंडतात तिथून, एक मेंढरू आणलं. सवयीनं डावा पाय दगडावर ठेवला. सुरी उचलली.

आणि पाठीमागून आवाज आला. जवळून. सावकाश, स्वच्छ, पेठेतला…

"कोण कापतंय?"

काकाच्या जिभेवर उत्तर आलं होतं. दोन वर्षं दर रविवारी तो हेच उत्तर देत आला होता. "मी, महिपती."

पण तोंड उघडलं नाही.

कारण तो आवाज सरांचा होता. आणि सरांना बुधवारी वैकुंठ स्मशानात जाळलं, तेव्हा काका तिथं उभा होता.

आता हे सर कोण, ते सांगतो. नाहीतर तुम्हाला काहीच लागायचं नाही.

९९ च्या जानेवारीत एक म्हातारा लूनावरून गाळ्यासमोर उतरला. पांढरा शर्ट, नाकाला रुमाल, काखेत वही. नाव गोपाळकृष्ण. राहणार नारायण पेठ. जन्मात अंडं फोडलं नव्हतं त्यांनी.

"इथे मेंढीचंच मिळतं ना? बोकडाचं नको."

काका म्हणाला, "पाटी वाचता येत न्हाय का? बोल्हाईचं मटण लिवलंय."

"वाचता येतं म्हणूनच विचारतोय. पुण्यात पाटीवर जे असतं ते आत मिळतंच असं नाही."

आमच्याकडं वाडेबोल्हाईची देवी आहे. तिला मानणारी घरं बोकड खात नाहीत, फक्त मेंढीचं खातात. म्हणून आमच्या दुकानात दुसरं काही नसायचंच.

"किती देऊ?" काकानं विचारलं.

"मला खायचं नाहीये. मला कलेजी बघायची आहे."

"बघायची? हे काय थेटर हाय का?"

पण सर हटले नाहीत. मग त्यांनी सगळं सांगितलं. ते एका संशोधन संस्थेतून रिटायर झालेले. जुन्या संस्कृतींवर सगळा जन्म घातलेला. इटलीत म्हणे, रोमच्याही आधी, एट्रुस्कन नावाची माणसं राहायची. अडीच हजार वर्षं झाली. मेलेल्यासाठी डोंगरात घरं कोरायची. आत दगडाचा पलंग, दगडाची उशी. आणि त्यांचे पुजारी मेंढीची कलेजी हातात घेऊन पुढचं सांगायचे. एका शेतकऱ्याला नांगरताना काशाची कलेजी सापडली होती, तिच्यावर खण पाडून देवांची नावं कोरलेली. सरांनी फोटो दाखवला. आणखी एक फोटो होता. आरशावर कोरलेला एक माणूस, डावा पाय दगडावर, हातात कलेजी, पाठीला पंख.

काका म्हणाला, "पंख कशाला? आमच्यातल्या कुणाला फुटले तर गिऱ्हाईक पळंल."

सर हसले. पहिल्यांदा रुमाल नाकावरून निघाला.

सरांना पुस्तक लिहायचं होतं. ते पुजारी नक्की काय बघत असतील, ते खऱ्या कलेजीवर पडताळायचं होतं. आणि कलेजी काकाइतकी कुणाला कळते? हात लावला की सांगायचा, हे मेंढरू ओल्या गवतावर चरलेलं, याला जंत, हे तीन दिवस उपाशी. सर लिहून घ्यायचे. "महिपतराव, तुमची खरं तर डॉक्टरेट आहे," म्हणायचे.

कलेजीच्या आतल्या बाजूला बोटासारखा एक तुकडा उभा असतो. काका त्याला करंगळी म्हणायचा. सरांना त्या करंगळीचं फार. आधी ती बघायची, मग बाकीचं.

पद्धत सरांनी ठरवून दिली. रविवारी पहाटेचं पहिलं मेंढरू. डावा पाय दगडावर. दगड त्यांनीच शोधून आणलेला. सर मागं उभे राहून विचारणार, "कोण कापतंय?" काका म्हणणार, "मी, महिपती."

"हे कशाला?" काकानं एकदा विचारलं.

"नोंदीसाठी. ते लोक प्रश्न मनात धरून मेंढरू कापायचे. आपण प्रश्न विचारायचा नाही. आपण फक्त बघायचं आणि लिहायचं."

काकानं ते पाळलं. त्याला वाटलं, दोघंही पाळतात.

मीही कधीमधी रविवारी कापायचो, काका आजारी असला की. सर मलाही तेच विचारायचे. "मी, श्याम." मला मजा वाटायची.

पहिले सहा महिने सरांनी आमच्याकडं पाणी घेतलं नाही. मग एकदा सत्यशीला काकूच्या हातचा चहा घेतला. काका आठवडाभर गावाला सांगत होता. लोक म्हणायचे, "काय महिपती, भटाला मटनाला लावला का?" तर भांडायला उठायचा. सरांनी पूर्णिमाला इंग्रजी शिकवलं. दुकानाच्या पायरीवर बसवून. तिला कॉम्प्युटरच्या कोर्सला घातलं. खराडीत तेव्हा काचेच्या बिल्डिंगा उठत होत्या. सर म्हणायचे, "ही तिथे बसणार आहे बरं का, एसीमध्ये." काकाच्या डोळ्यात पाणी यायचं. त्याची एकुलती एक पोर. तिच्यापुढं त्याला काही नव्हतं.

९९ चे गणपती बसून उठले, त्यानंतरचा रविवार.

काकानं कलेजी काढली. उलटी केली.

करंगळी नव्हती…

कापली गेली नव्हती. रोगानं झडली नव्हती. तिथं ती कधी नव्हतीच. गुळगुळीत, जसं काही बोटानं पुसून काढलेलं.

तीस वर्षांच्या धंद्यात काकानं असं पाहिलं नव्हतं. सरांकडं बघितलं तर सर पांढरेफटक.

"हे काय म्हणायचं, सर?"

"काही नाही. निसर्ग आहे. ही विकू नका मात्र."

आठव्या दिवशी माझा बाप गेला. संभाजी. वय एकोणचाळीस, पैलवान गडी. मोटार चालू करायला विहिरीवर गेला, कठड्यावर टेकला, तो उठलाच नाही.

आम्ही तेव्हा एकत्र राहायचो, काकाच्याच घरात. सर आले. जमिनीवर बसले. काकाचे हात हातात घेऊन रडले. काका म्हणतो, सख्खा भाऊ रडला नसता इतके रडले.

महिन्यानं सर पेढे घेऊन आले. त्यांची बायको, नीरजाबाई, पोटाच्या आजारानं अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टरांनी आशा सोडलेली. त्या अचानक सुधारल्या. आमच्या घरात सुतक नुकतंच फिटलेलं, तरी काकानं तो पेढा देवापुढं ठेवून खाल्ला.

"चला, एका घरात तरी देव जागा हाय," म्हणाला.

पुढं आई आणि मी वेगळे झालो. लोणी काळभोरला मामाच्या जागेत मी माझा गाळा टाकला. भांडण नव्हतं. आईला त्या घरात राहवत नव्हतं, एवढंच.

मग २५ फेब्रुवारी २००१ चा रविवार. परत करंगळी नाही.

या वेळी सर हसले. काकाला ते हसणं आवडलं नाही. त्यांनी पिशवीतून दोन वर्षांच्या दोन वह्या काढल्या, नोंद लिहिली आणि त्या पूर्णिमाला दिल्या. "बाळ, एवढं टाईप करून दे. इटलीला पाठवायचंय." तिच्या डोक्यावर हात ठेवला. जरा जास्तच वेळ ठेवला. लूनाला किक मारली आणि गेले.

दहा दिवसांनी सर स्वतःच गेले. झोपेत.

आता परत त्या ११ मार्चवर या.

काकानं उत्तर दिलं नाही. मागं वळून बघितलं. शटर अर्धं वर, बाहेर फटफटलेलं. कोणी नाही. मेंढरू कापलं. कलेजी उलटी केली.

करंगळी नव्हती…

त्यानं ती पुरली आणि दिवसभर दुकान बंद ठेवलं. संध्याकाळी पूर्णिमाला ताप भरला.

साधा ताप, डॉक्टर म्हणाले. गुरुवारी दवाखान्यात ठेवावं लागलं. रक्त तपासलं, फोटो काढले, कशात काही नाही. पोरगी दिवसाला अर्धी होत चालली.

१८ तारखेला काका परत गाळ्यावर. जायचं नव्हतं त्याला. पण सरांची परीक्षा घ्यावी असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. सर माझे होते, ते मला काय करतील, असं.

माशी नाही. कुत्रं नाही.

वाडग्यात सहा मेंढरं होती. सहाच्या सहा एकाच बाजूला तोंड करून उभी. कान हलत नव्हते. रवंथ नव्हता…

काकानं अजून सुरीला हातही लावला नव्हता.

"कोण कापतंय?"

या वेळी कानाशी. रुमालाला सर अत्तर लावायचे, त्याचा वास सुद्धा आला.

"सर," काका म्हणाला, "माझ्या पोरीला बरं करा वो."

फक्त वहीचं पान उलटल्याचा आवाज…

वह्या दवाखान्यात होत्या. पूर्णिमाच्या उशाशी. काका धावत तिथं गेला. तिला बोलायला धाप लागत होती. म्हणाली, "अण्णा, प्रत्येक पानाखाली एक ओळ मोडीत आहे. मला वाचता येत नाही. मी ती टाईपच केली नाही."

मोडी वाचणारा गावात एकच, तात्याराव. जुना तलाठी. जमिनींना भाव आल्यापासून लोक आजोबा-पणजोबांचे कागद घेऊन त्याच्या दारात बसलेले असायचे. काकानं सगळ्यांना बाजूला सारलं.

तात्यारावानं चष्मा चढवला. "कुणाची जमीन?"

"जमीन न्हाय. वाच."

"'पाऊस वेळेवर येईल का?'" तात्याराव वाचायला लागला. "'सलिलला व्हिसा मिळेल का?' हा सलिल कोण?"

"सरांचा पोरगा. अमेरिकेत असतो."

"'हा डॉक्टर बदलावा का?' अरे हे प्रश्न हायेत सगळे. तारीख टाकून. रविवार, रविवार, रविवार…"

प्रश्न विचारायचा नाही असं ठरलं होतं. सरांनी दर रविवारी विचारला होता. मनात. काकाच्या सुरीवर.

"गणपतीनंतरचं बघ," काका म्हणाला. "नव्व्याण्णवचं."

तात्यारावानं पानं उलटली. वाचलं. चष्मा काढून पुसला. परत वाचलं.

"म्हादबा," घाबरून त्याच्या तोंडून भलतंच नाव आलं, "दुसरं पान बघू का?"

"माझं नाव महिपती हाय. घाबरू नको, वाच."

"'नीरजा वाचेल का? करंगळी नाही. मरण आहे. पण ज्याने नाव सांगितले, मरण त्याच्या घरी जाते. नाव महिपतीचे.'"

बाहेर लोक जमिनीवरून भांडत होते. काका म्हणतो, मला त्यांचा आवाज येईनासा झाला.

"आणि शेवटचं?"

"राहू दे गड्या."

"वाच म्हणतो ना!"

"'नीरजाचे दुखणे परत वर आले. वाचेल का? करंगळी नाही. नाव महिपतीचे. त्याच्या घरी.' आणि पुढं… 'बहुधा मुलगी.'"

बहुधा मुलगी.

तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा ते लिहून झालं होतं, एवढाच विचार काका बराच वेळ करत होता. म्हणतो, संभाजीसाठी रडताना त्या माणसानं माझे जे हात धरले, त्या हातांचीच मला किळस आली. धुतले मी माझे हात. तात्यारावाच्या अंगणात, नळावर.

काका तसाच नारायण पेठेत गेला. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. दार नीरजाबाईंनी उघडलं. ठणठणीत होत्या.

"बसा, असं म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "कशाला आलात ते कळलं मला."

"म्हंजे तुमाला ठावं होतं?"

"मी त्यांना सांगितलं होतं. करायचं तर करा, पण मग त्या लोकांकडे चहा घेऊ नका. दोन्ही करू नये माणसानं." मग म्हणाल्या, "त्यांनी ऐकलं नाही. त्यांना तुम्ही मनापासून आवडायचात."

काका म्हणतो, हे ऐकून जेवढं लागलं तेवढं वहीनंही लागलं नाही.

"पोर मरतीय माझी, बाई."

"ते विचारतायत का अजून?"

काकानं हो म्हणून मान डोलावली.

"म्हणजे मरण अजून मोकळं आहे, कुणावर ठरलेलं नाही. उत्तर दिलं नाहीत तर ते तुमच्याच नावावर राहणार. आधी दिलेलंच आहे तुम्ही." त्या काकाकडं बघत नव्हत्या. "दुसऱ्याचं नाव सांगा."

"मग तुमच्या सलिलचं सांगतो."

"चालत नाही. ज्यानं त्या दगडावर पाय ठेवून कापलंय, त्याचंच नाव चालतं. नाहीतर आम्ही तुमच्याकडे कशाला आलो असतो, अहो?"

आणि दार लावलं.

काका जिना उतरला. खाली रस्त्यावर येईपर्यंत त्याचा हिशेब झाला होता. त्या दगडावर पाय ठेवून जन्मात दोघांनीच कापलं होतं. एक तो स्वतः. आणि एक मी.

२५ मार्च. रविवार, अमावास्या. पूर्णिमाची शुद्ध हरपलेली. डॉक्टर म्हणाले, जवळच्या लोकांना बोलवून घ्या.

काकू दवाखान्यात रडत होती. काका तिला न सांगता उठला आणि पहाटे खराडीला गेला. शटर वर केलं. मेंढरू आणलं. पाय दगडावर ठेवला.

इथपर्यंत काका सगळं सांगतो. अगदी सुरीची मूठ ओली होती, इथपर्यंत.

पुढचं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी नऊच्या सुमारास पूर्णिमानं डोळे उघडले आणि चहा मागितला. चार दिवसांत घरी. आज ती हैदराबादला मोठ्या कंपनीत आहे, दोन पोरं आहेत तिला.

त्याच सकाळी लोणीत माझी आई, हेमा, गुढीला साडी बांधत होती. मी काठी धरलेली. ती म्हणाली, "जरा थांब रे, मागं कोण बोलतंय?"

मागं कुणी नव्हतं.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुझं नाव घेतंय."

आणि बसली. बसल्या जागी गेली. वय अडतीस. कधी डोकं दुखलं नव्हतं तिचं.

मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. वह्या, मोडी, नीरजाबाई, सगळं काकानं पुढं वर्षभरानं सांगितलं. दुकान तोवर त्यानं कायमचं बंद केलेलं. सांगताना मधेच थांबायचा, परत मागं जायचा. पण त्या रविवारच्या पुढं गेला नाही.

मी तडक विचारलं. "काका, कोणाचं नाव सांगितलं?"

त्यानं मान खाली घातली.

"बापाला सरांनी खाल्लं. आईला कुणी?"

काकू स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला.

मी असा तसा सोडणारा नाही. परत विचारलं. तर काकानं वर बघितलं. मला वाटलं होतं, पाया पडेल, रडेल, शिव्या देईल. यातलं काही केलं नाही.

म्हणाला, "कदाचित न्हाय बी बोललो. तुझ्या आईचा काळच भरला असंल. देव जाणे. पण तुला आता पोरगी हाय, श्याम. माझ्या जागी तू उभा असतास, तर काय केलं असतंस? सांग."

अस्मिता तेव्हा तीन महिन्यांची होती. माझ्याच मांडीवर झोपलेली.

मी तिच्याकडं बघितलं. मग उठलो, चप्पल घातली आणि निघालो.

खराडीला परत गेलो नाही. काकावर राग आहे म्हणून नव्हे. त्यानं विचारलं, तेव्हा उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. आणि उत्तर म्हणजे एक नाव होतं. कुणाचं, ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.